महाभियोगाच्या खटल्यात अमेरिकेच्या सिनेटने (संसदेच्या वरच्या सभागृहाने) सोडलं म्हणजे ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनातल्या दंगलीची जबाबदारी ट्रम्पवर नव्हती, असं म्हणता येतं का?

नाही, तसं म्हणता येत नाही, सिनेटमध्ये ते सुटले एवढंच खरं. तुमच्या बडोद्याच्या घरी काका आणि न्यू जर्सीहून आलेला चुलतभाऊ यावरून भांडले म्हणताय, तर दोघांना आधी आकडे दाखवा: १३ फेब्रुवारी २०२१ ला ५७ जणांनी दोषी म्हटलं आणि ४३ जणांनी नाही, पण दोषी ठरवायला दोन तृतीयांश म्हणजे ६७ मतं लागतात म्हणून सुटले, आणि त्या ५७ मध्ये ७ जण ट्रम्पच्याच पक्षाचे होते. त्याहून मोठी गोष्ट मिच मॅककॉनेलची, त्याच पक्षाचे सिनेटमधले तेव्हाचे नेते, त्यांनी मत दिलं "दोषी नाही" आणि लगेच भाषणात सांगितलं की त्या दिवशी जे घडलं त्याची नैतिक जबाबदारी ट्रम्पचीच, फक्त पद सोडलेल्या माणसाला महाभियोगात दोषी ठरवता येत नाही. म्हणजे सुटका झाली ती बऱ्याच अंशी सिनेटला असा खटला चालवायचा अधिकार आहे की नाही या मुद्द्यावर, हे काकांना नीट समजावून सांगा. पण चुलतभावानेही ट्रम्पना दंगलीचे गुन्हेगार म्हणू नये, कारण फौजदारी कोर्टात ते सिद्ध झालेलं नाही. त्यांच्यावरच्या २०२३ च्या फौजदारी केसमध्ये दंगल भडकवल्याचं कलम नव्हतंच, निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या कटाचं होतं, आणि २०२४ ची निवडणूक ते जिंकल्यावर सरकारी वकिलांनी तीही मागे घेतली.