डायलिसिस चालू असताना डोळा दुखतो, याचा डोळ्यातील दाबाशी संबंध असू शकतो का?

आपल्या वडिलांना काचबिंदू आहे, डायलिसिसच्या उत्तरार्धात त्यांचा एक डोळा ठणकतो, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात, आणि तरीही नेत्रतज्ज्ञांकडे दाब योग्यच भरतो, असे आपण लिहिले आहे. मी नेत्रतज्ज्ञ आहे. दाब बहुधा भलत्याच वेळी मोजला जात आहे, असे मला वाटते.

हिमोडायलिसिसमध्ये रक्तातील युरिया काही तासांत झपाट्याने उतरतो. परंतु रक्त आणि डोळा यांच्यामधील अडसरामुळे डोळ्यातील द्रवातला युरिया त्या वेगाने बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे तो द्रव काही काळ रक्तापेक्षा अधिक संहत राहतो आणि रक्तातील पाणी आत ओढून घेतो. याच्या उलट, यंत्राने शरीरातील जादा पाणी काढले की रक्तातील प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि तीच पाणी डोळ्याबाहेर ओढतात. यांपैकी कोणती ओढ वरचढ ठरते ते प्रत्येक रुग्णात वेगळे असते. म्हणूनच अभ्यासांत दाब वाढल्याचे, घटल्याचे आणि मुळीच न बदलल्याचेही निष्कर्ष मिळतात. निरोगी डोळा जादा द्रवाचा निचरा करतो. निचऱ्याचा कोन, म्हणजे डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याची वाट, अरुंद असेल, किंवा मधुमेहामुळे तिथे नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर मात्र एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा या मर्यादेत असणारा दाब डायलिसिसदरम्यान बराच चढू शकतो आणि नंतर उतरतो.

म्हणून दाब डायलिसिसच्या आधी, मध्ये आणि संपताच मोजून घ्यावा. हाती धरायच्या टोनोमीटरने तो खाटेवरच मोजता येतो. ही डोळेदुखी अनेकदा 'डायलिसिसमुळे होतेच' म्हणून सोडून दिली जाते, याचे मला फार वाईट वाटते. वाढ सिद्ध झाली, तर मूत्रपिंडतज्ज्ञ युरिया काढण्याचा वेग कमी करू शकतात किंवा डायलिसिसच्या द्रावणातील सोडियम बदलू शकतात; कोन अरुंद असल्यास लेझरचा विचार होतो, शिवाय थेंब आहेतच. एक गोष्ट आग्रहाने सांगतो: दाब उतरवणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णात ती साचून गुंगी व संभ्रम निर्माण करू शकते. मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती कोणीही देऊ नये.

डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, उलट्या झाल्या किंवा दृष्टी अचानक मंदावली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवावा.