मशीन बंद पडलंय: दुरुस्ती, हप्ता की बाईच बरी?

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. आमचं नऊ वर्षांचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन जूनमध्ये बंद पडलं. पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज यायचा, पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी डाग पडायचे. मिस्त्रीने टब आणि बेअरिंगचे मिळून 9,800 रुपये सांगितलेत. ह्यांनी महाराणी रोडवर 34,990 चं नवं फ्रंट लोड बघून ठेवलंय, 12 महिन्यांचा ‘बिनव्याजी’ हप्ता 2,916. सध्या बाई कपड्यांचे वेगळे 1,500 घेते. चादरी, बेडशीट लॉन्ड्रीत जातात, त्याचे महिन्याला साधारण 720. युनिफॉर्म मी संध्याकाळी धुते आणि पंख्याखाली वाळवते, त्यामुळे ट्यूशनची चार मुलांची बॅच बंद केली, प्रत्येकी 600 यायचे. सासूबाई म्हणतात, मशीन बंद झाल्यापासून विजेचं बिल उतरलंय, आता मशीनच नको. बचत खात्यात 22,000 आणि एफडीत 60,000 आहेत. मुलांची फी भरून झाली आहे. स्कूटीचा हप्ता चालू आहे. उन्हाळ्यात आमची बोरिंग आटते आणि नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. काय करावं?

उत्तर: ताई, मिस्त्री, तुमचे अहो आणि सासूबाई तीन वेगळ्या गोष्टी सांगताहेत आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच निर्णय अडलाय. एकेक सोडवू.

आधी दुरुस्ती. मशीनचा प्लग काढा, दार उघडा आणि ड्रमची आतली कड धरून वर-खाली हलवून बघा. कड खडखडत सैल हलली, तर मिस्त्री खरं बोलतोय. बेअरिंग गेलं आहे, सीलमधून पाणी आत गेलं आहे आणि गंज कपड्यांना लागतो आहे. बऱ्याच फ्रंट लोड मशीनमध्ये टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला असतो. पाचशे-हजाराचं बेअरिंग बदलायला सबंध टबच घ्यावा लागतो, तो हा 9,800 चा आकडा. हे पैसे घालून मशीन अजून दोन वर्षं चाललं असं धरलं, तरी महिन्याला 400 च्या वर पडतात. तेवढ्यात पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलं की पुन्हा पाच-सहा हजार. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणून आशा धरू नका. ती फक्त मोटरची असते आणि मोटर सहसा जात नाही. दुरुस्ती बाद.

आता सासूबाईंचं बिल. त्या बरोबर बघताहेत, कारण चुकीचं लावताहेत. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल, तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. 150 ओलांडलं की त्या महिन्याची सवलत जाते. मशीन चालू असताना तुम्ही ह्या रेषेच्या जरा वर असणार आणि आता खाली आलात, म्हणून फरक एवढा डोळ्यांत भरला. पण वीज खाणारं मशीन नव्हतं, त्यातला हीटर होता. गरम पाण्याची एक धुलाई पाऊण-एक युनिट घेते, साध्या पाण्याची त्याच्या पाव-तिहाई. शिवाय पाऊस लागल्यावर कूलर बंद झाले, तेही त्याच बिलात आहे. थंड पाण्यात रोज एक खेप धुतलीत, तरी महिन्याला सात-आठ युनिटं वाढतील. सासूबाईंना मागची तीन बिलं शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, भांडण न होता पटेल.

मग तुमचे अहो आणि तो बिनव्याजी हप्ता. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर कितीला? मी तुमच्यासाठी विचारून बघितलं, त्याच दर्जाच्या मशीनला 32,500 सांगितले. म्हणजे हप्त्याने 34,992 आणि रोखीने 32,500. वर प्रोसेसिंग फी 499 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 589. एकूण 3,081 जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे लक्षात घेऊन मांडलं, तर ह्या ‘बिनव्याजी’ कर्जाचा दर वर्षाला 17 टक्क्यांच्या पुढे जातो. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकातच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी असतंच, कधी सवलतीच्या रकमेत दडवलेलं, कधी फीमध्ये. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक किंवा फायनान्स कंपनीने असं कर्ज देताना वार्षिक दर लिहिलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यायचंच असतं, तेही ग्राहकाला समजेल त्या भाषेत. काउंटरवरचा मुलगा अंगठा लावायला मशीन पुढे करतो, त्याआधी तो कागद मागा. न मागता क्वचितच देतात.

‘जीएसटी उतरलाय, आत्ताच घेऊ’ असं ते म्हणत असतील, तर सप्टेंबर 2025 ची कपात एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशरवर होती. वॉशिंग मशीनवर जुलै 2018 पासून 18 टक्के आहे आणि अजून तेवढाच.

त्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, एका धुलाईला पन्नास-साठ लिटर. वरून उघडणाऱ्या फुल्ली ऑटोमॅटिकला त्याच्या दुप्पट सहज. पण तुमच्या घरात खरा प्रश्न पाणी किती लागतं हा नाही, ते येतं कसं हा आहे. एप्रिल-मेमध्ये बोरिंग आटते, नर्मदा एक दिवसाआड, मग टँकरचं पाणी पिंपात भरून ठेवायचं. फ्रंट लोडला नळाला धार लागते, पिंपातून बादलीने पाणी घालून ते चालत नाही. धार मंदावली की आत एरर दाखवून उभं राहतं. आणि बोरिंगचं जड पाणी नऊ वर्षं प्यायलेल्या मशीनची काय गत होते, ते तुम्ही बघताच आहात. क्षार हीटरवर चढतात आणि ड्रमला धरून ठेवणारा मागचा आधार खाऊन टाकतात. नव्या मशीनला तेच पाणी मिळणार.

त्यामुळे माझा सल्ला तुमच्या घरात कोणीच न सुचवलेला आहे: आठ किलोचं सेमी ऑटोमॅटिक घ्या, रोखीने, साधारण 11,500 पर्यंत. त्यात पाणी बादलीने घालता येतं. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी निघतात, हे सासूबाईंना मला सांगायची गरज नाही. आठ किलोच्या टबमध्ये डबल बेडची चादर बसते, म्हणजे लॉन्ड्री सुटली. बिघडलं तर पट्टा, टायमर, पाणी सोडायची नळी किंवा स्पिनरचा ब्रेक, काहीशे रुपयांत गल्लीतला मिस्त्री करतो. आणि तुमची खरी अडचण पावसात कपडे वाळत नाहीत ही आहे. स्पिनरमधून पाच मिनिटांनी काढलेला युनिफॉर्म पंख्याखाली रात्रीत कोरडा होतो. हाताने पिळलेला होत नाही.

तोटा एकच, पण खरा: कोणीतरी उभं राहावं लागतं. पाणी भरा, टायमर फिरवा, कपडे ह्या खान्यातून त्या खान्यात घाला, दोनदा खळबळा. ते ‘कोणीतरी’ तुम्ही असाल, तर हा सल्ला फाडून टाका. काम बाईने करायचं, सकाळी. हाताने धुण्याचे 1,500 देता, त्याऐवजी मशीनवर धुऊन गच्चीवर वाळत घालण्याचे 1,000 ठरवा. तिची कंबर वाचेल, पण पाचशे कमी होणार आहेत. तिला मशीन दारात आल्यावर कळू देऊ नका, महिनाभर आधी सांगा. मुलांना युनिफॉर्मचे दोन-दोन जोड असतील, तर संध्याकाळचं धुणं बंद. बाई नाही आली त्या दिवशी तुमचे अहो टायमर फिरवतील. फ्रंट लोड ज्यांना इतकं आवडतं, त्यांना धुण्यात रस असणारच!

आता हिशेब. बाईचे 500 वाचले, लॉन्ड्रीचे 720, आणि संध्याकाळची बॅच पुन्हा सुरू झाली की 2,400. महिन्याला 3,620. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत मशीन फिटलं. त्या बॅचचे पैसे तुम्ही पत्रात बाकी खर्चांनंतर, ओघात सांगितलेत. बाई आणि लॉन्ड्री मिळून जातात त्यापेक्षा ते जास्त आहेत, आणि घरात कोणी ते खर्चात धरलेले दिसत नाहीत. अहोंशी बोलताना हा आकडा आधी ठेवा.

धनत्रयोदशीच्या सेलपर्यंत थांबू नका. तेव्हा हजार-दीड हजार कमी होतील, पण तोवरचे तीन-चार महिने दर महिन्याला 3,620 चा खड्डा पडतच राहील.

पैसे बचत खात्यातून द्या. 22,000 मधून 11,500 गेले तर 10,500 उरतात, थोडी ओढाताण होईल पण चालेल. एफडीला हात लावू नका. ती सासू-सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी आहे असं धरून चाला, स्कूटीचा हप्ता चालू असताना तर नक्कीच. पहिल्याच महिन्यापासून 3,500 ची आरडी लावा, दिवाळीपर्यंत खात्यातून गेलेले पैसे बऱ्यापैकी पुन्हा जमतील. आरडी कशाला, खात्यात राहू दे असं वाटेल. खात्यातले राहत नाहीत.

वाढीव वॉरंटी दुकानदार गळ्यात मारेल, सेमी ऑटोमॅटिकला ती घेऊ नका. त्यापेक्षा धुण्याच्या जागेच्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वापरायची वस्तू आहे, आणि स्पिनर पूर्ण थांबल्याशिवाय मुलांनी झाकण उघडायचं नाही.

जुन्या मशीनचे एक्सचेंजमध्ये काय देतात ते विचारा आणि कबाडीचा भावही घ्या, दोन्हींतला जास्त तो पकडा. कबाडी वजनावर घेणार असेल, तर आत दोन जड सिमेंटचे ठोकळे असतात. ते तो आधी वेगळे काढेल, त्याबद्दल वाद घालू नका. पण ड्रम स्टेनलेस स्टीलचा आहे, त्याचा भाव लोखंडाचा लावू देऊ नका.