लॉजिक घ्यायचं खरं, पण ईएमआय कोणत्या गाण्यातून भरायचा?

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ‘घरातल्याच एका खोलीत सहा वर्षं स्टुडिओ चालवतो. भजनं, आरत्या, शाळांची समूहगीतं, लग्नातली गाणी. विंडोजच्या डेस्कटॉपवर क्युबेस एलिमेंट्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. ट्रॅक वाढले की मशीन अडकतं, रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक येते. पुण्याचा अरेंजर मित्र लॉजिक प्रोवर काम करतो, ते ॲपलचं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. “तू लॉजिकवर ये, महिन्याला दोन गाणी देतो,” म्हणाला. मॅक मिनी, स्क्रीन, बाहेरची एसएसडी, लॉजिक आणि प्लगिन (इफेक्ट आणि वाद्यांची जोड-सॉफ्टवेअरं) मिळून १,३२,०००. बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय ११,०००. महिन्याला सरासरी ७ गाणी होतात, गाण्याला ६,००० मिळतात. घरखर्च २७,०००, विम्याचे २,०००, एसआयपी ३,०००. बँकेत ६०,००० आहेत. एसआयपी वर्षभर थांबवू का? सीए म्हणतात, खर्च दाखवला की करही वाचेल.’

मी पेटी वाजवतो, तीही मंडळात मागच्या रांगेत बसून. त्यामुळे क्युबेस चांगलं की लॉजिक, यात पडत नाही. पैशांचं बोलू.

महिन्याचे ४२,००० येतात. घरखर्च, विमा, एसआयपी गेली की हातात १०,००० उरतात. हप्ता ११,००० आहे, म्हणून तुमची नजर एसआयपीवर गेली. ती थांबवलीत तर २,००० उरतील, पण सरासरीच्या महिन्यात. तुम्ही सोबत पाठवलेल्या हिशेबात पौषात तीनच गाणी झालीत, म्हणजे १८,०००. त्या महिन्यात घर, विमा आणि हप्ता मिळून ४०,००० लागतील. २२,०००ची तूट. असे दोन महिने लागोपाठ आले की बँकेतल्या साठ हजारांतले ४४,००० गेले. मग घरात कुणी आजारी पडलं तर?

नो कॉस्ट ईएमआयचंही एकदा नीट बघा. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येते. ‘रोख घेतो, किती कमी कराल?’ हे दुकानात विचारून या, म्हणजे हप्त्याची खरी किंमत कळेल.

या १,३२,०००मध्ये एक खर्च धरलेलाच नाही, तो म्हणजे तुमचा हात बसेपर्यंतचा वेळ. सहा वर्षांत क्युबेसचे शॉर्टकट बोटांत मुरलेत. नव्या ठिकाणी प्रत्येक साध्या गोष्टीसाठी मेनू शोधावा लागेल. पहिले दोन महिने सातऐवजी पाचच गाणी झाली, असं धरा (माझ्या मते हा अंदाज कमीच आहे). म्हणजे २४,००० गेले. एकूण १,५६,०००, तुमच्या भाषेत २६ गाणी. जवळजवळ चार महिन्यांची कमाई. मी स्वतः एकदा ऑफिसचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ऐन जुलैत बदललं होतं, रिटर्न भरायची ३१ तारीख तोंडावर असताना. सॉफ्टवेअर चांगलंच होतं. तरी दोन आठवडे अशिलांना ‘उद्या देतो’ सांगण्यात गेले, आणि त्यातले दोघे परत आले नाहीत.

शिवाय जुनी कामं आहेतच. गेल्या वर्षीची आरती यंदा अर्धा सूर वर करून मागणारं मंडळ तुमच्याकडेही असेल. क्युबेसचा प्रोजेक्ट लॉजिकमध्ये जसाच्या तसा उघडत नाही. मिडी (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) जाईल, ऑडिओ जाईल, पण क्युबेसच्या आतल्या प्लगिनची सेटिंग्ज तिथेच राहतील. म्हणून डेस्कटॉप विकायचं डोक्यातून काढा. आणि मॅक घ्या न घ्या, चालू गिऱ्हाइकांच्या गाण्यांचे सगळे ट्रॅक आजपासून वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. २४ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं म्हणजे एक जीबीच्या आसपास. तीस गाणी एका पेनड्राइव्हवर मावतील.

हे सांगतो, कारण सॉफ्टवेअर कंपनीचं मन आपल्या हातात नसतं. लॉजिक एकेकाळी विंडोजवरही चालायचं. २००२ साली ॲपलने ते बनवणारी इमॅजिक ही कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. केकवॉक या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं काम गिब्सन कंपनीने २०१७ला थांबवलं. पुढच्या वर्षी ते बँडलॅब कंपनीने घेऊन फुकट दिलं म्हणून वापरणारे वाचले. वेव्ह फाइल मात्र कुठेही उघडते.

आता पुण्याच्या मित्राचं. दोन गाणी म्हणजे १२,०००, हप्ता ११,०००. कागदावर झकास जमतं, आणि म्हणूनच मला धास्ती वाटते. ‘देतो’ म्हणणं आणि ॲडव्हान्स पाठवणं यात फरक आहे. त्याला सांगा: ‘तुझे ट्रॅक वेव्हमध्ये पाठव, टेम्पो आणि पट्टी लिहून दे, मी आवाज रेकॉर्ड करून तसेच परत पाठवतो.’ अशी देवाणघेवाण रोज चालते, त्याला दोघांकडे एकच सॉफ्टवेअर लागत नाही. तीन महिने त्याने खरंच महिन्याला दोन गाणी दिली, तर हप्त्याची सोय आहे हे कळलं, आणि तोवर ३६,००० जमले. नाही दिली, तर मॅक घेऊनही दिली नसती, असं मी धरेन.

टिकटिकीचा इलाज मॅकच आहे का, हेही आधी तपासा. भाच्याने मला समजावलं: आवाज रेकॉर्ड करताना बफर (आवाज हाताळायला मशीनला दिलेली सवड) ६४ किंवा १२८ सॅम्पल ठेवतात, मिक्सिंगला बसलं की १०२४वर नेतात. ४८ किलोहर्ट्झला १०२४ म्हणजे साधारण २१ मिलिसेकंदांचा उशीर. गाणाऱ्याला तो खटकेल, मिक्स करणाऱ्याला फरक पडत नाही. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. तरी रॅम वाढवायला आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायला किती पडतात, ते विचारून या. सॉफ्टवेअरचाच कंटाळा आला असेल, तर रीपर हे विंडोजवर चालणारं दुसरं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून पाहता येतं. धंद्याची वार्षिक जमा २०,००० डॉलरच्या आत असेल तर परवाना ६० डॉलरला मिळतो, वर कर आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार धरा.

सीएंच्या बोलण्यावर एकच शंका. तुमची वर्षाची जमाच ५,०४,००० आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. जो कर लागतच नाही तो वाचवणार कसा? जीएसटीची नोंदणी तुम्हाला बंधनकारक नाही. ती केलेली नसेल तर खरेदीवर भरलेला जीएसटीही परत मिळणार नाही. त्यामुळे १,३२,००० हे पूर्ण खिशातूनच जाणार.

म्हणून आत्ता ईएमआय नको, आणि एसआयपीला हात लावू नका. उरणाऱ्या दहा हजारांतले सहा हजार दर महिन्याला लिक्विड फंडात (लागतील तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका. पौषात जमणार नाही, तर त्या महिन्यात टाकू नका. मित्राच्या गाण्यांचे पैसे आले तर तेही तिथेच. वर्षभरात मॅक मिनीपुरते जमतील. स्क्रीन डेस्कटॉपचीच वापरा. प्लगिन पुन्हा घेण्याआधी परवाना तपासा, बऱ्याच कंपन्यांचा एकच परवाना विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो. त्याआधी एखाद्या रविवारी पुण्याला जाऊन मित्राच्या मशीनवर एक अख्खा अभंग रेकॉर्ड करून मिक्स करा, आणि त्याला किती तास लागले ते लिहून ठेवा.