नाचणीच्या बिस्किटांत फिश ऑइल घातलं की आठवड्याभरात वास येतो. मायक्रोएन्कॅप्सुलेशनने, म्हणजे तेलाच्या बारीक थेंबांभोवती कवच चढवून, तो थांबेल का?

बराचसा थांबेल, पण तेल मुळात ताजं असेल तरच. मी खाद्यतंत्रज्ञ आहे. लोक कवचावर पैसे घालतात आणि तेलाकडे पाहत नाहीत, म्हणून हे आधी सांगतो. खवट झालेल्या तेलाला कुठलंही कवच वाचवत नाही.

फिश ऑइलमधली मुख्य ओमेगा-३ मेदाम्लं दोन: ईपीए आणि डीएचए. ईपीएमध्ये पाच दुहेरी बंध असतात, डीएचएमध्ये सहा. दोन बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन चटकन सुटतो, तिथे ऑक्सिजन शिरतो आणि पुढे साखळी तुटून अल्डिहाइड तयार होतात. त्यांतले काही इतक्या सूक्ष्म प्रमाणात नाकाला कळतात की चाचणीचे आकडे ठीक असतानाही पुडा फोडला की शिळ्या तारलीचा वास येतो. म्हणून प्रत्येक लॉटची पेरॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाची सुरुवात दाखवते) आणि अ‍ॅनिसिडीन व्हॅल्यू (पुढे तयार झालेले अल्डिहाइड दाखवते) पुरवठादाराकडून मागून घ्या. पहिली ५ च्या आत आणि दुसरी २० च्या आत, ही उद्योगातली नेहमीची मर्यादा आहे. खाण्याच्या पदार्थासाठी मी मात्र पहिली २ च्या वर गेलेलं तेल घेणार नाही.

आता कवच. सगळ्यात स्वस्त पद्धत स्प्रे ड्राइंगची: मॉडिफाइड स्टार्च किंवा केसिनेट (दुधातलं प्रथिन) आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) यांच्या पाण्यात तेलाचे बारीक थेंब करायचे आणि साधारण १६०–१८० अंशांच्या गरम हवेत ते मिश्रण फवारायचं. पाणी क्षणात उडतं, पूड हाती येते. पण हे कवच पाण्यात विरघळतं, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. ओल्या कणकेत ही पूड मळलीत तर भट्टीत जाण्याआधीच तेल उघडं पडायला लागतं.

दुसरी पद्धत कोअ‍ॅसर्व्हेशन. पीएच ४ ते ४.५ च्या आसपास जिलेटिनवर धन भार असतो आणि डिंकावर (गम अरेबिक) ऋण. दोघं एकमेकांना धरून थेंबाभोवती थर देतात, मग थंड करून एन्झाइमने तो थर पक्का करतात. १९५० च्या दशकात कार्बन न लावता नक्कल उमटवणारा कागद याच तंत्रावर निघाला होता. हे कवच पाणी आणि भट्टी दोन्ही बऱ्यापैकी सोसतं, पण महाग पडतं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने प्रथिन आणि साखर एकत्र तापवून कवच बनवलं. त्या तापवण्यातून तयार होणारे पदार्थच ऑक्सिडेशन रोखतात, ही कल्पना मला फार आवडते.

तुमच्या जागी मी असतो तर स्प्रे ड्राय केलेली पूड कणकेत न घालता दोन बिस्किटांमधल्या क्रीममध्ये घातली असती. क्रीममध्ये पाणी जवळजवळ नसतं आणि ते भाजून झाल्यावर भरतात, म्हणजे दोन्ही संकटं टळली. कणकेतच घालायची असेल तर कोअ‍ॅसर्व्हेटची पूड घ्या आणि शेवटी, हळू फिरवत मिसळा. जोरात फेटलं की कवच फुटतं. लोह मिसळलेलं पीठ किंवा प्रीमिक्स त्याच बिस्किटात नको, लोह ऑक्सिडेशनला जोर देतं. तांब्याचं भांडंही नको.

प्रमाणाचा हिशोब असा. पुडीत निम्मं तेल आणि त्या तेलात ईपीए-डीएचए मिळून ३० टक्के धरा. मग २५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचएसाठी साधारण १.७ ग्रॅम पूड लागेल. एका बिस्किटात एवढी घालू नका, चार-पाच बिस्किटांत वाटा.

फिश ऑइल घातलं की पुड्यावर हिरव्या ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण छापावा लागेल आणि माशाची अ‍ॅलर्जी-सूचनाही द्यावी लागेल. नाचणीची बिस्किटं घेणाऱ्यांत शाकाहारी गिऱ्हाईक बरंच असेल, तर शैवालापासून काढलेल्या डीएचए तेलाची पूड पाहा. फक्त तिच्या कवचात जिलेटिन नाही याची खात्री करा. ते तेलही तितक्याच लवकर खवट होतं, त्यामुळे ताजेपणाच्या चाचण्या त्यालाही लावा.