2025 च्या महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल कुठे झाली? टॉस हरूनही भारत कसा जिंकला?

नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, 2 नोव्हेंबरला. (लोकलने जायचं तर हार्बर लाइनवर नेरूळ किंवा जुईनगर.) पावसामुळे 3 ची मॅच 5 ला सुरू झाली, पण एकही ओव्हर कापली नाही.

दक्षिण आफ्रिकेने टॉस जिंकून बॉलिंग घेतली. रात्री दव पडलं तर ओला बॉल स्पिनरच्या बोटांतून निसटतो. पण भारताने 7 बाद 298 केल्या. शफालीच्या 87, दीप्तीच्या 58. मग शफालीच्या पार्टटाइम ऑफस्पिनने आफ्रिकेच्या बॅटर लूस आणि काप यांच्या विकेट काढल्या. माझ्या मते मॅच तिथेच फिरली. आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ड 101 वर असताना अमनजोतच्या हातात कॅच दोनदा उडाला, तिसऱ्यांदा बसला. दीप्तीने 39 धावांत 5 विकेट घेतल्या. आफ्रिका 246, भारत 52 धावांनी विजयी.