धाक आणि करार एकाच वहीत मांड

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. भाषा नेटकी आहे, पण महासत्तांचे तू दोन गट पाडलेस: धाक दाखवणारे आणि सहकार्य करणारे. बेंगळूरला एसएसबीच्या (सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) गटचर्चेत ही मांडणी पाच मिनिटंही टिकणार नाही. एकच देश एकाच वेळी दोन्ही करत असतो.

डिसेंबर १९७९ घे. सोव्हिएत संघाची एसएस-२० क्षेपणास्त्रं पश्चिम युरोपवर रोखलेली होती. नाटोने एकाच बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या: ५७२ अमेरिकी क्षेपणास्त्रं (१०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ) युरोपात आणायची, आणि मध्यम पल्ल्याची अस्त्रं कमी करण्यासाठी मॉस्कोशी बोलणीही सुरू करायची. नोव्हेंबर १९८३ मध्ये पर्शिंग जर्मनीत पोहोचायला लागली तेव्हा सोव्हिएत प्रतिनिधी बोलणी सोडून उठले. त्याच महिन्यात नाटोचा 'एबल आर्चर' सराव झाला. अण्वस्त्र वापराचे आदेश कसे द्यायचे याची ती रंगीत तालीम होती, पण मॉस्कोत काहींना खऱ्या हल्ल्याची शंका आली. पर्शिंग काही मिनिटांत लक्ष्य गाठतं, म्हणजे शंका तपासून बघायलाच वेळ उरत नाही. धाक बहुधा इथेच बिघडतो. समोरचा घाबरतो खरा, पण 'गप्प राहिलो तर वाचू' असं त्याला वाटेनासं होतं, आणि मग आधी वार करण्याचा मोह होतो.

तरीही ८ डिसेंबर १९८७ ला अमेरिका आणि सोव्हिएत संघात आयएनएफ, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा करार झाला. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सोडायची सगळी क्षेपणास्त्रं त्यात आली. १९९१ पर्यंत दोघांनी मिळून २,६९२ नष्ट केली. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की अमेरिकी निरीक्षक सोव्हिएत संघातल्या वोतकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकावर मुक्कामाला राहिले आणि सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मॅग्नाच्या कारखान्यापाशी. विश्वास नव्हता म्हणूनच तपासणी होती.

आता वहीत प्रत्येक घटनेसाठी पाच रकाने आखून घे. ताकद किती? ती वापरण्याची तयारी समोरच्याला खरी वाटते का? मर्यादारेषा स्पष्ट सांगितली आहे का? ती ओलांडली नाही तर काही होणार नाही, ही हमी आहे का? आणि गैरसमज झाला तर संपर्क कुठून साधायचा? क्यूबा, १९६२ (सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात आल्याने उभा राहिलेला पेच) भरताना शेवटचा रकाना नीट भर. तेव्हा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे निरोप पोहोचायला, सांकेतिक मजकूर उलगडायला आणि भाषांतर व्हायला कित्येक तास लागत होते. म्हणून १९६३ मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात हॉटलाइन, म्हणजे थेट संपर्काची वाहिनी आली. तो लाल फोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. लेखी मजकुरात आवाजाच्या चढउताराचा चुकीचा अर्थ निघत नाही.

लडाखमधल्या गलवानची घटना सर्वांत अवघड आहे. १९९६ च्या भारत-चीन करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून (दोन्ही सैन्यांच्या ताब्यातला प्रदेश वेगळा करणाऱ्या रेषेपासून) दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचं बंधन आहे. १५ जून २०२० च्या रात्री आपले २० जवान गेले, पण गोळी सुटली नाही. म्हणजे करार अर्धा टिकला. मोडला कुठे, तर ताबारेषा कुठून जाते यावरच एकमत नव्हतं. त्याच करारात नकाशांची देवाणघेवाण ठरली होती, पण ती सीमेच्या मधल्या टप्प्यापलीकडे गेली नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला की बाकीच्या चारांवर किती ताण येतो, हे इथे दिसेल.

पुस्तकात न मिळणारं तुला घराजवळ मिळेल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे आणि खानापूर-निपाणीकडच्या गावांत निवृत्त सुभेदार-हवालदार भेटतात. त्यांच्याकडे जा. सीमेवर फ्लॅग मीटिंग (दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची समोरासमोर बैठक) कोण मागतं, कुठल्या हुद्द्याचा अधिकारी बोलतो, दुभाषा कोण असतो, एवढंच विचार. तुकड्या कुठे, किती, हे विचारू नकोस. ते सांगणारही नाहीत.

गलवानचं पान आधी लिही आणि दिवाळीपूर्वी पाठव. शुद्धलेखन मी बघेन, तारखा मात्र दोनदा तपासून घे.

तुझा,
काका