कामाच्या सुऱ्या घेऊन परराज्यात जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शेफ आहे. पुढच्या महिन्यात पुण्याहून बंगळूरच्या एका हॉटेलात रुजू होतोय. माझ्या स्वतःच्या सहा सुऱ्या आहेत. त्यात एक दहा इंची शेफ नाईफ आणि एक सत्तूर. नऊ इंचांहून मोठं पातं बेकायदा असतं, असं सगळे सांगतात. परवाना काढावा लागेल का?

परवाना लागत नाही. नऊ इंचांची गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच सांगितली जाते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' म्हणजे मारण्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेली किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत चाकूही येतात आणि तिथे पात्याचं माप दिलं आहे : ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. मात्र त्याच वाक्यात पुढे घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. लोक माप लक्षात ठेवतात आणि हा अपवाद विसरतात. तुमची शेफ नाईफ ९ इंचांच्या पुढे आहे. सत्तूर तर बहुतेक २ इंचांहून रुंदच असतो. तरीही दोन्ही स्वयंपाकघरासाठीच घडवलेले आहेत. शिवाय अशा धारदार शस्त्रांना परवाना लागतो तो शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खाली अधिसूचना काढलेल्या भागातच.

एवढ्यावर निश्चिंत मात्र होऊ नका. शस्त्र कायदा हा एक थर झाला. दुसरा थर स्थानिक मनाई आदेशांचा, आणि कामकरी माणूस अडकतो तो बहुतेक तिथेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी चाकू, लाठ्या, भाले आणि 'शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू' जवळ बाळगायला मनाई करू शकतात. यात इंचांचा हिशेब नसतो, चार इंची सुरीही त्यात येऊ शकते. आदेश मोडलात तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, आणि न्यायालयाने वेगळी कारणं नोंदवली नाहीत तर चार महिन्यांपेक्षा कमी कैद देता येत नाही. गुजरातेत हाच जुना मुंबई पोलीस कायदा आज गुजरात पोलीस अधिनियम म्हणून चालतो, कलमांचे आकडेही तेच. इतर राज्यांत त्यांचे पोलीस कायदे आहेत. याशिवाय असेच मनाई आदेश काढण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४, देशभर लागू आहे.

म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी जिथे जायचं त्या शहराच्या पोलिसांच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर चालू मनाई आदेश पाहा, किंवा हॉटेलातल्या माणसाला स्थानिक ठाण्यात विचारायला सांगा. निवडणुका, मोठे सण आणि मोर्चे यांच्या आसपास असे आदेश हमखास निघतात. आदेश पूर्ण वाचा. नोकरी-धंद्यासाठी अवजार लागणाऱ्यांना अनेकदा शेवटच्या परिच्छेदात सूट दिलेली असते.

प्रश्न : हॉटेलकडून पत्र घ्या, असं सुचवतात. त्यात नेमकं काय असावं?

पत्र लेटरहेडवर हवं. तुमचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच, हुद्दा, कामाचा पूर्ण पत्ता, रुजू होण्याची तारीख, आणि खात्री करायला फोन उचलेल अशा माणसाचा नंबर. खाली सुऱ्यांची यादी : प्रकार, पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये, नग. लांबी टोकापासून मुठीजवळच्या टाचेपर्यंत मोजा. 'काही सुऱ्या' असं मोघम लिहिलेलं पत्र निरुपयोगी, कारण बॅगेत सहा निघाल्या तर सहाही त्याच पत्रातल्या हे दाखवता आलं पाहिजे. पत्र इंग्रजीत किंवा तिथल्या भाषेत घ्या. मराठी पत्र बंगळूरच्या हवालदाराला वाचता येणार नाही. सोबत खरेदीची बिलं आणि सुऱ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आता शब्दांबद्दल, आणि हे मनापासून सांगतो. मराठीत सुताराची, गवंड्याची, आचाऱ्याची साधनं सगळीच 'हत्यारं' असतात. पोलिसांच्या कागदावर मात्र 'हत्यार' म्हणजे शस्त्र. चौकशीत 'साहेब, माझी हत्यारं आहेत' असं सवयीने तोंडून गेलं, तर तेच लिहिलं जाऊ शकतं. 'कामाची अवजारं' किंवा 'स्वयंपाकाच्या सुऱ्या' म्हणा. आणि 'रात्रीचा प्रवास आहे, स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवली' हे वाक्य कधीच बोलू नका. कायद्याच्या व्याख्येत बचावासाठीचं हत्यारही शस्त्रच आहे. ज्या अपवादावर तुम्ही उभे आहात, तोच अपवाद या वाक्याने तुम्ही स्वतः काढून टाकता.

प्रश्न : विमानाने जायचं आहे. सुऱ्या कशा बांधाव्यात?

केबिनमध्ये एकही नाही, सगळ्या चेक-इन सामानात. त्यामुळे आधी तिकीट पाहा. काही स्वस्त तिकिटांत चेक-इन सामान धरलेलंच नसतं, आणि विमानतळावर ते वाढवून घेणं महाग पडतं. वजनही आधी करा. धार लावायचा एक मोठा दगड साधारण किलोभर भरतो.

चेक-इन सामानातली धारदार वस्तू म्यानात किंवा घट्ट गुंडाळून असायला हवी, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. प्लास्टिकचं पातं-कव्हर असेल तर उत्तम. नसेल तर खोक्याचा जाड पन्हाळी पुठ्ठा पात्याच्या दुप्पट रुंदीचा कापा, घडी घाला, धार घडीच्या बाजूला न ठेवता उघड्या बाजूकडे ठेवा आणि ती बाजू चिकटपट्टीने दोनदा बंद करा. धार घडीवर टेकली, तर बॅग आदळताच पुठ्ठा तिथेच चिरतो. टोकावर बुचाचा तुकडा खोचा, कारण पुठ्ठा सगळ्यात आधी फाटतो तो टोकाशी. चिकटपट्टी पात्याला लागू देऊ नका. गोंद राहतो आणि त्याखाली ओल धरते. कार्बन स्टीलची पाती पूर्ण कोरडी करून तेलाचा पातळ हात फिरवा. चामड्याच्या म्यानात ती दिवसेंदिवस ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पात्यावर गंजाचे खड्डे पडतात. मग सगळ्या सुऱ्या नाईफ रोलमध्ये, म्हणजे सुऱ्या गुंडाळून ठेवायच्या पिशवीत, रोल टॉवेलात, आणि टॉवेल बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. पत्राची एक प्रत रोलमध्येच ठेवा आणि एक स्वतःजवळ.

घोळ होतो तो मोठ्या सुरीने नाही, विसरलेल्या छोट्या वस्तूने. एप्रनच्या खिशातली पेअरिंग नाईफ, सालकाढणं, बाटलीचं बूच काढायचा स्क्रू, मांसात खुपसायचा टोकदार थर्मामीटर. हँडबॅग आदल्या रात्री पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. सुरक्षा तपासणीत वस्तू सापडली, तर वेळ असेल तर परत काउंटरवर जाऊन ती सामानात टाकता येते, नाहीतर तिथेच सोडून द्यावी लागते.

ब्लोटॉर्चचा गॅसचा डबा केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तो पोहोचल्यावर विकत घ्या.

प्रश्न : आमची केटरिंगची टोळी लग्नाच्या ऑर्डरसाठी रेल्वेने आणि टेम्पोने सुरतला जाते. विळ्या, सुऱ्या, झारे सगळं सोबत असतं. काय काळजी घ्यावी?

टेम्पो जात असेल तर सुऱ्या त्यातच पाठवा. सगळ्या एका पेटीत, पेटीला कुलूप, पेटी मागे भांड्यांसोबत. ड्रायव्हरच्या सीटखाली किंवा दरवाजाच्या कप्प्यात एकही सुरी नको. नाकाबंदीत पहिलं लक्ष तिथेच जातं, आणि चटकन हाती येईल अशा जागी ठेवलेली सुरी 'कामाची' आहे हे पटवणं कठीण होतं. ऑर्डरचा कागद, म्हणजे तारीख, मंगल कार्यालयाचा पत्ता, जेवणाच्या पानांची संख्या, ड्रायव्हरजवळ द्या.

रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री-टियरला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं, साध्या दुसऱ्या वर्गात ३५ किलो. सुऱ्या बांधलेल्या असतील तर ठीक. मात्र डब्यात फळं कापायला म्हणून मोठी सुरी बाहेर काढू नका. शेजारच्या प्रवाशाने तक्रार केली की पुढचं स्टेशन रेल्वे पोलिसांचं. परतीच्या प्रवासात लोक दमलेले असतात आणि न धुतलेल्या सुऱ्या पिशवीत कोंबतात. मांसाचे किंवा बिटाचे डाग असलेली सुरी रात्री तपासणीत निघाली, तर खुलासा करण्यात तासन्‌तास जातात. धुवा, पुसा, मग बांधा. गॅस सिलिंडर प्रवासी डब्यात नेणं हा रेल्वे अधिनियम, १९८९ खाली वेगळाच गुन्हा आहे. तो विचारही नको.

उतरल्यावर मेट्रोने जायचा बेत असेल तर बदला. मेट्रोच्या तपासणीत सुऱ्यांचा रोल पुढे जाणार नाही.

प्रश्न : आमच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला कर्नाटकात टोळ्या जातात. कोयत्यावरून वाटेत त्रास होतो. कोयता शेतीचं अवजार आहे ना?

आहे, आणि शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून शेतीची अवजारं वगळलेली आहेत. पण मनाई आदेशात 'इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू' असते, आणि कोयत्याने झालेल्या हल्ल्यांच्या बातम्यांमुळे शहरांतले पोलीस कोयता दिसला की थांबवतातच. ज्यांच्या कामाची मोजणीच 'कोयत्या'वर होते, एक जोडपं म्हणजे एक कोयता, त्यांना त्याच वस्तूमुळे रस्त्यावर गुन्हेगारासारखं उभं राहावं लागतं. हे टाळता येतं.

टोळीसोबत जाताना सगळे कोयते एकत्र बारदानात बांधून ट्रॉलीत बिऱ्हाडाखाली ठेवा. प्रत्येक पात्यावर जुन्या रबरी पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवून सुतळीने बांधा. मुकादमाकडे कारखान्याशी झालेल्या कराराची प्रत, टोळीतल्या माणसांची नावं आणि कोयत्यांची संख्या लिहिलेला कागद हवा. खरी अडचण येते हंगामाच्या मध्येच एकट्याने गावी परतणाऱ्याला, आजारपणात किंवा मयतीला. त्याच्याजवळ ना टोळी, ना कागद. त्याने कोयता फडावर मुकादमाकडेच ठेवून यावं. न्यायचाच असेल तर बांधून एसटीच्या डिकीत टाकावा. कमरेला किंवा उघड्या पिशवीत नको.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन. दिल्लीला सहा महिन्यांचं काम आहे. खिशातला बटणाचा चाकू नेऊ का?

नेऊ नका. दिल्लीत २९ ऑक्टोबर १९८० ची अधिसूचना आहे. स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी खटक्याचे), बटणाचे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद आहे, ते तिच्या कक्षेत येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, ही अधिसूचना बनवणं, विकणं, विक्रीसाठी बाळगणं यांबद्दल आहे, चाकू नुसता जवळ सापडणं पुरेसं नाही, असं सांगून एक खटला रद्द केला. पण त्या माणसाला तिथवर जावं लागलं. वायरचं आवरण सोलायला वायर स्ट्रिपर आणि आखूड, स्थिर पात्याची केबल नाईफ पुरते. ती टूलबॉक्समध्ये ठेवा, खिशात नको. ड्रिलची सुटी लिथियम बॅटरी विमानात चेक-इनला चालत नाही. ती केबिनमध्ये न्या, टोकं चिकटपट्टीने झाकून.

प्रश्न : सलूनचा वस्तरा आणि कात्र्या? आणि शीख सहकाऱ्याचं कृपाण?

वस्तरा, सुटी ब्लेडं, टोकदार कात्र्या चेक-इनमध्ये. कृपाणाला देशांतर्गत विमानात सवलत आहे : पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. ही सवलत शीख प्रवाशांपुरती आहे, इतर कुणी त्याच मापाची सुरी दाखवून ती मागू शकत नाही.

प्रश्न : सगळे कागद असूनही सुऱ्या जप्त केल्या तर?

जागेवर वाद वाढवू नका, सुरीला स्वतः हात लावू नका. पोलिसांना बॅग दाखवा आणि वस्तू त्यांनाच काढू द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असतं, त्याबद्दल शांतपणे विचारा. पंचनाम्यात प्रत्येक वस्तूचं वर्णन आणि माप नीट आलंय का पाहा, आणि तुमचं पत्र दाखवल्याचा उल्लेख लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही. जप्तीच्या यादीची प्रत मागा. मूळ बिलं देऊ नका, छायाप्रती द्या.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेऐवजी याच संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देता येते. ती मिळाली तर दिलेल्या तारखेला जाच. परराज्यातली तारीख चुकवली की साधं प्रकरण अटकेपर्यंत जातं. वस्तू परत मिळवण्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा, कलम ५०३ खाली, आणि खटला उभा राहिला असेल तर कलम ४९७ खाली. तिथे बिलं आणि फोटो कामी येतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा देशभरचा क्रमांक १५१०० आहे, तो घरच्यांच्या फोनमध्येही टाकून ठेवा, कारण त्या वेळी तुमचा फोन तुमच्या हातात असेलच असं नाही.